सातव्या क्रमांकाचे कप्तान

—नाही नाही, पत्रक परत ठेवू नका, घ्या, फुकट आहे. फक्त त्यात छापलंय ते वाचून हुरळून जाऊ नका काकू, एवढंच म्हणतेय मी. ‘बंदराकाठी एक दिवस : दहा प्रेक्षणीय स्थळे.’ दहा! या उपनगरात बघण्यासारख्या दहा गोष्टी निघाल्या तर मी आत्ता या खिडकीतून—बाई गं! भोंगा. फेरीबोटीचा आहे, दर अर्ध्या तासाला वाजतो, तीन वर्षं बसतेय मी इथे, तरी दर वेळी काळजात धस्स होतं. हसा, हसा.

तर पहिलं, मत्स्यालय. सहा टाक्या, त्यातल्या चार कोरड्या, पाचवीत तिथल्या रखवालदाराच्या छत्र्या, सहावीत एक मासा—तोही पाठ करून बसतो. दुसरं दीपगृह. आहे, चांगलं उंच आहे, फक्त कुलूप आहे. किल्ली कुठे? दीपगृहवाले म्हणतात बंदर कचेरीत, बंदर कचेरी म्हणते माहिती कक्षात, आणि माहिती कक्ष म्हणजे मी, माझ्या तर ड्रॉवरची किल्लीसुद्धा लागत नाही. चौथं, वाळूचा किनारा. वाळू गेली. अहो गेली म्हणजे गेली, समुद्राने नेली, आठ वर्षं झाली! पण पत्रकात आहे, कारण आमच्याकडे नवं पत्रक जुन्यावरून उतरवतात, जुनं त्याच्याही जुन्यावरून, मधे उठून बघायला जातंय कोण? मी इंग्रजी साहित्यात एम.ए. केलं ते ‘रमणीय’ आणि ‘नयनरम्य’ आलटून पालटून लिहायला.

सातवं? सातवं सोडा. ‘कप्तानांचे घर’—काय बघायचंय त्यात? एक अरुंद जिना, वर दोन खोल्या, खिडकीपाशी खुर्ची, खुर्चीत म्हातारा. लोक चढतात धापा टाकत, तो सांगतो वादळाच्या गोष्टी, हे माना डोलावतात. गंमत आहे नुसती. लोकांना काय, टोपी दिसली की सलाम. तो कप्तान वगैरे काही नाही काकू. फेरीबोटीवर तिकिटं फाडायचा, एकतीस वर्षं. ह्या धक्क्यावरून त्या धक्क्यावर, बारा मिनिटं, की परत. ह्या बंदराच्या बाहेर पाऊल टाकलं नाही कधी, आणि सांगतो काय तर लाटा घराएवढ्या!

मला कसं माहीत म्हणजे? मी राहते तिथे. बाबा आहेत माझे.

असं बघू नका ना. मी मुद्दाम नाही केलं. मागच्या वेळी पत्रक छपाईला जायचं त्या दिवशी कळलं की बँडस्टँड पाडलाय, म्हणजे उरली नऊ. साहेब फोनवर ओरडले, दहा म्हणजे दहा, आत्ताच्या आत्ता सांग! कोणी ओरडलं की माझ्या डोक्यात काही म्हणजे काही राहत नाही. तोंडातून निघून गेलं, कप्तानांचं घर आहे साहेब. पत्ता? आणि त्या क्षणी मला जगातला एकच पत्ता आठवत होता, आमचा. छापून आलं.

पंधरा दिवसांनी दारात दोन बायका. कप्तानसाहेब आहेत का? मी ओले कपडे हातात घेऊन तशीच. आता बाबा हाकलणार, नाहीतर—खरं सांगायचं तर काहीच करणार नाहीत असं वाटलं, कारण आई गेल्यापासून अकरा महिने ते बोलतच नव्हते. जेवलात? हं. दिवा लावू? हं. तर त्यांनी आधी मागे वळून पाहिलं, कप्तान कोण आलाय ते. मग माझ्याकडे पाहिलं. मग उठले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाले, ‘या, बसा.’ अकरा महिन्यांनी, काकू. आता रोज दाढी करतात. दहा वाजायच्या आत कोटबीट घालून तयार. कोणी आलं नाही की संध्याकाळी मलाच विचारतात, आज पत्रकं वाटलीस ना गं?

आणि आता हे बघा, नव्या पत्रकाचं प्रूफ. कोणा शहाण्याने तक्रार केलीय की कप्तानाने सांगितलेलं जहाज कुठल्याच नोंदीत नाही. असणार कसं! म्हणून साहेबांनी फतवा काढला, प्रत्येक स्थळापुढे सही हवी. ‘स्वतः जाऊन पाहिले, मजकूर खरा आहे.’ खोटं निघालं तर सही करणारा घरी. दोन वाजता छापखान्याचा माणूस येतोय. नऊ सह्या मी डोळे मिटून ठोकल्या, वाळूवरसुद्धा! ही दहावी होत नाही. जी एकच जागा रोज बघते, तिच्यापुढेच पेन अडतंय. खोडावं तर उद्यापासून जिन्यावर पाऊल वाजणार नाही.

सकाळी मी खरंच लिहून पाहिलं. हे बघा, समासात—‘फेरीबोटीवर एकतीस वर्षे तिकिटे फाडणाऱ्या गृहस्थांचे घर.’ म्हटलं, खोटं नको, नोकरीही राहील, लोकही येतील. येतील ना? तुम्ही परक्या आहात, तुम्हाला माझी भीड नाही, तर अगदी खरं सांगा, एवढा जिना चढून तुम्ही अशा माणसाला भेटायला—

काय? मत्स्यालय किती वाजता उघडतं?

अच्छा.

नाही, रागावले कशाला, बरोबरच आहे तुमचं. माणूस चार घटका फिरायला येतो, तिकीटवाल्याकडे कोण जाईल? चारच्या आत जा, नंतर दिवे घालवतात. डावीकडून सरळ. आणि ते पेन द्या इकडे, तुमच्या कोपराखाली आहे ते—हां. ‘कप्तानांचे घर. स्वतः जाऊन पाहिले.’ नाव, हुद्दा, तारीख. झाली सही.

निघा आता काकू. मागे रांग लागलीय.