वर्गातली मांजर

वासुदेवराव : अहो उषाबाई, विज्ञान शिकवा म्हटलं होतं. बाळंतपण दाखवा म्हणून कोण म्हटलं?

उषाबाई : मांजर मला विचारून व्यायली नाही, सर. सकाळी शाळा उघडली तेव्हा कपाटामागे पिल्लं होती.

वासुदेवराव : अन् तुम्ही पोट्टे-पोट्ट्या सारे गोळा करून दूध पाजताना दाखवलं! साऱ्या सानगडी गावात बोभाटा होऊन राहिला.

उषाबाई : धडा सस्तन प्राण्यांचा होता. पुस्तकात एवढंच लिहिलंय, की सील हा मासा नाही. आपल्या मुलांनी समुद्र कुठे पाहिलाय? तलावात पोहतो तो मासा, एवढंच त्यांना ठाऊक. म्हणून म्हटलं, हिच्या मिशा बघा, सीललाही अशाच. हिच्या पंजात बोटं, त्याच्या वल्ह्यासारख्या पायातही बोटंच. दोघांचं रक्त गरम. तर खुशाल नावाचा मुलगा म्हणाला, पाण्यातला प्राणी दूध कसा पाजेल? तेवढ्यात पिल्लं प्यायला लागली.

वासुदेवराव : संस्थेची मंडळी चिडली हाय. माफी मागा, विषय संपला. तुमची नोकरी अजून कायम नाही.

उषाबाई : चूक सांगा, मागते. एकोणऐंशी साल उजाडलंय, सर.

वासुदेवराव : (धुरपता दाराशी येते.) या, धुरपताबाई. यांची जानकी तुमच्याच वर्गात हाय. सांगा बाई, काय तक्रार हाय तुमची?

धुरपता : मी कायले तक्रार करू, हेडमास्तर? तुमच्या चपराशानं धानाच्या बांधीतून बोलावलं, म्हून आली.

वासुदेवराव : पोरीनं घरी काय सांगितलं?

धुरपता : तिनं इचारलं, मांय, तू मले पाजलं का? म्या म्हटलं, हो. रोवणीत बांधीच्या धुऱ्यावर बसून पाजलं, साऱ्याइच्या देखत. तवा कोणाले लाज नाही वाटली. आता मांजरीची काहून वाटून राहिली?

(वासुदेवराव खिडकीशी जाऊन उभे राहतात.)

उषाबाई : मी माफी मागणार नाही, सर. उद्या हाच धडा पुढे शिकवीन. मुलं-मुली एकत्रच बसतील.

धुरपता : बाईले काढलं तं जानकी येनार नाही. आमच्या मोहल्ल्यातली एकबी पोट्टी येनार नाही.

वासुदेवराव : संस्थेला मी काय सांगू?

उषाबाई : धडा अजून संपला नाही म्हणून सांगा.

धुरपता : बाई, थे सील बरफावर पिल्लू देते म्हने. थंडीनं मरत नाही का थे?

उषाबाई : आईचं दूध फार घट्ट असतं, जवळजवळ तुपासारखं. पिल्लू लवकर गुटगुटीत होतं.

वासुदेवराव : ...कपाट हलवू नका म्हणून चपराशाला सांगतो मी. संस्थेचं मी पाहतो. अन् बाई, त्या सीलच्या पिल्लाचेही डोळे या मांजरीच्या पिल्लांसारखे मिटलेले असतात काय?

उषाबाई : नाही, सर. ते डोळे उघडे ठेवूनच जन्माला येतं.