बसल्या जागची पकड

पारोळ्याहून धुळ्याच्या रस्त्याला लागलं की चार किलोमीटर आत आमचं गाव. तिथं मी आणि माझा मोठा भाऊ नाना, आम्ही नांगरलेल्या वावरात कबड्डी शिकलो, ढेकळं फोडून मऊ केलेल्या मातीत, म्हणजे पडलं तरी लागत नाही. नाना गावाच्या संघाचा कप्तान, मी डावा कोपरा सांभाळायचो. चढाईला आलेल्याचा घोटा धरायचा, बस, तेवढंच मला यायचं, पण ते यायचं.

काय सांगू ताई, पंच्याऐंशीच्या आसपास अमळनेरला स्पर्धा होती आणि समोर एका तेलमिलचा संघ. त्यांच्या सुभाषचं नाव आमच्या आणि धुळ्याच्या, दोन्ही जिल्ह्यांत. एका चढाईत तीन-तीन गडी मारून जायचा. मी त्याच्याकडे नुसता बघत राहिलो, आणि मला दिसलं की मागे वळायच्या आधी त्याची डावी टाच उचलते, जराशी, खाली बोट जाईल एवढीच. मग काय, त्या दिवशी मी त्याला तीनदा धरला. तिसऱ्यांदा उठताना तो म्हणाला, तू कुठला रे? मी गावाचं नाव सांगितलं. मला वाटलं, कौतुकानं विचारतोय.

आठ दिवसांत मिलचे मॅनेजर मोटरसायकलवर गावात हजर. डबे भरायच्या खात्यात कायम नोकरी, आणि संघात जागा. एक फॉर्म पुढे केला, इंग्रजीत. नियम असा की नाव एकाच संघाकडून लागायचं, आणि सोडायचं तर त्या संघानं चिठ्ठी द्यायची. मी नानाकडे बघितलं. नाना म्हणाला, तू जाय, आठे काय शे? तुले देखाले बठ्ठा गाव यी. इथं काय आहे, सगळं गाव बघायला येईल, असं नानाच म्हणाल्यावर मी कशाला थांबतोय. मी सही केली.

आणि जर्सी मिळाली बारा नंबरची. आता कबड्डीत मैदानात सात, बाहेर पाच राखीव. बारावा म्हणजे शेवटचा. मला वाटलं, नवीन आहे, होईल. एक वर्ष बसलो, दुसरं वर्ष बसलो. मॅनेजर साहेबांना विचारलं तर म्हणायचे, आपले सात ठरलेले आहेत, तुला पगार मिळतो ना? मिळायचा, खोटं कशाला बोलू. पण डाव्या कोपऱ्याचा गडी आजारी पडला तेव्हाही दुसऱ्यालाच उठवलं. सोबतचे चिडवायचे, काय भो, बाक घरी घेऊन जा आता. मी हसायचो. माझं वय निघून चाललं होतं, ताई.

तिसऱ्या वर्षी धुळ्याला फायनल, आणि समोर कोण, आमचंच गाव. डाव्या कोपऱ्यात, माझ्या जागेवर, नाना उभा. सुभाष आला, नानाला मारून गेला. पुन्हा आला, पुन्हा मारून गेला. नानाचा गुडघा फुटलेला, आणि मी या बाजूला मिलची जर्सी घालून बसलेलो. सुभाष परत आत गेला, त्याची टाच उचलली, आणि माझ्या तोंडून निघालं, नाना, टाच!

नानानं धरला. असा धरला की सुभाष तोंडावर आला.

सगळं मैदान माझ्याकडे बघायला लागलं. पंचांनी दम दिला, साहेबांचा चेहरा पांढरा पडला. मलाच समजेना मी काय केलं. एवढं होऊन गाव दोन गुणांनी हरलंच, आणि माझ्या गळ्यात जिंकल्याचं मेडल पडलं. हरलो म्हणू की जिंकलो?

सुभाष नळावर पाय धूत होता. मी माफी मागायला गेलो. तो म्हणाला, माफी कसली, मीच साहेबांना सांगितलं होतं, याला घेऊन टाका. मी म्हटलं, मग खेळवत का नाही? तो म्हणाला, खेळवायला कुठं घेतलाय तुला, वेड्या? तू माझ्यासमोर उभा राहू नये म्हणून घेतलाय.

तीन वर्षं मी वाट बघत होतो, आणि ते मला झाकून ठेवत होते.

सकाळी मिलमध्ये गेलो ते नोकरी गेली असं धरूनच. साहेबांनी कागद पुढे सरकवला. मला वाटलं, राजीनामा. बघतो तर दरवर्षी भरायचो तोच फॉर्म, पुढच्या वर्षाचा. म्हणाले, सही कर, आता तर तुला सोडायचंच नाही. घरी बायकोला सातवा महिना होता. मी सही केली. त्यानंतरही एकही सामना खेळलो नाही.

नोकरी टिकली, पोरं शिकली, तक्रार नाही. साहेबांचंही भलं होवो. गावाला गेलो की पारावर अजून त्या पकडीचा विषय निघतो. नव्या पोरांना कोणी सांगतं, सुभाषला नानानं धरला होता. नाना तिथंच बसलेला असतो, त्याचा गुडघा आता वाकत नाही. तो दरवेळी हात वर करून थांबवतो. म्हणतो, मी नही रे भो, यानी धरा. तठे बाहेर बसेल व्हता ना, तठूनच धरा.