चोवीस इंची टीव्ही

भरमा : काका, टेप खोटी न्हाय आणि टीव्हीबी खोटा न्हाय. चोवीस म्हणजे चोवीस.

देवाप्पा : चाळीस वर्सं गवंडीकाम केलंय मी. ह्या तुझ्या दुकानाचा गिलावा माझ्या हातचा हाय. मला टेप शिकवतोस? हे बघ, ह्या काठापास्नं त्या काठापतुर. किती भरलं?

भरमा : साडेएकवीस.

देवाप्पा : मग अडीच इंच कुटं गेलं?

भरमा : टीव्ही असा मोजत न्हाईत. खालच्या कोपऱ्यातनं समोरच्या वरच्या कोपऱ्यात, तिरका मोजतात. धरा टेप. आलं का चोवीस?

देवाप्पा : तिरका! भिंत गुण्यात, म्हंजी काटकोनात हाय का बघाय आमीबी कोपऱ्यातनं कोपरा मोजतो. पर गिऱ्हाइकाला आजवर कुणी भिंत तिरकी मोजून दिली न्हाय. उद्या निपाणीत लुगडंबी तिरकं मोजाय लागतील.

भरमा : सगळ्या जगात टीव्हीचं असंच हाय, काका. कंपनीच तसं लिहून देती. तुमच्याकडं जागा किती हाय, ते सांगा.

देवाप्पा : दोन फूट. खाटेच्या समोर कोनाडा हाय, मीच सोडलाय बांधताना. हा बघ दोरा आणलाय, दोन्हीकडं गाठ मारून. म्हणून तर चोवीस इंची हुडकत आलतो.

भरमा : मग बसतोय की! बाजूला अडीच इंच मोकळंबी राहतंय. गरम होतो टीव्ही, हवा पाहिजे त्याला.

देवाप्पा : मी चोवीस मागितला. तू साडेएकवीस दिलास. वर म्हणतोस चोवीसच हाय, आणि तोच बसतोय. माझं डोस्कं फिराय लागलं बघ. अगं ए तान्ये, तुला काय वाटतंय? घ्यायचा का ह्यो?

तानीबाई : नगं. आत्ताच घेतला की च्या.

भरमा : मावशी, चहा न्हाय. काका टीव्हीचं इचारतात.

तानीबाई : व्हय व्हय, टीव्हीचंच की. चांगला हाय. काळा हाय, मळायचा न्हाय.

देवाप्पा : बघितलंस? हिकडं ये जरा, ह्या पंख्यांच्या खोक्यांमागं. हळू बोलतो, न्हायतर ऐकंल ती. वरीस झालं, असंच चाललंय घरात. मी पाणी मागतो, ती आडकित्ता आणून देती. मी हाक मारतो, ती मान वळवत न्हाय.

भरमा : भांडण झालं काय?

देवाप्पा : भांडण न्हाय झालं, हेच तर. मागल्या उन्हाळ्यात समता आलती. माझी पोरगी, बेळगावात कॉलेजात शिकवती. म्हणाली, आई-आप्पा, आता दोघंच हितं काय करताय, माझ्याकडं चला, एक खोली रिकामीच हाय. पोरगी गेली आणि रातच्याला जेवताना मी हिला सांगितलं, बघ बाई, मला काय जमायचं न्हाय. ईट ईट रचून घर केलंय, आता दुसऱ्याच्या खोलीत कुटं जाऊ? त्या दिवसापास्नं ही अशी.

भरमा : रुसल्या म्हणा की.

देवाप्पा : रुसावं की. पर वरीसभर? मग मीबी तोंड मिटलं. जलमभर भिंती बांधल्या म्हणून भिंतीसंगं बोलायचं व्हय? शेजारच्या नीलमकडं मालिका बघाय जायची, तेबी सोडलं. न्हुसती उंबऱ्यावर बसती. म्हणून म्हटलं, एक लहानसा टीव्ही आणावा. हौस हाय तिला. राग गेला तर गेला.

भरमा : मग चालू करूनच दाखवतो मावशींना. साधा घेणार का स्मार्ट?

देवाप्पा : ह्यातला शाणा कुटला?

भरमा : स्मार्ट शाणाच, पर त्याला घरात नेट लागतंय.

देवाप्पा : नेट न्हाय. जुनी डिश हाय पत्र्यावर. डबा टीव्ही बिघडला, तशी पडून हाय.

भरमा : मग साधाच बरा. मावशी, हितं खुर्चीवर बसा. लावतो बघा. आता दिसतंय?

तानीबाई : दिसतंय की, झकास. बाई बातम्या सांगती. पर आवाज न्हाय रं ह्याला.

भरमा : आवाज हाय मावशी. वाढवतो. आता?

तानीबाई : गांधीलमाश्या घोंगावल्यागत काय तरी येतंय. शब्द न्हाईत. बिघडलाय ह्यो.

भरमा : कन्नड बातम्या हाईत, म्हणून समजत नसंल. थांबा, मराठी लावतो.

देवाप्पा : तिचं माहेर रायबागकडचं. कन्नड माझ्यापरास तिलाच येतंय.

भरमा : असं व्हय? बरं, मावशी, ही मराठी लावली. आता?

तानीबाई : ह्यातबी माश्याच. दुसरा दाखव की रं पोरा, एवढं मोठं दुकान हाय तुझं.

भरमा : हा घ्या दुसरा. ह्याचा स्पीकर दणकट हाय.

तानीबाई : ह्योबी तसलाच.

भरमा : आणि हा? साठावर नेलाय मी आवाज.

देवाप्पा : अरं बारीक कर! रस्त्यावरची माणसं आत बघाय लागली. कानठळ्या बसल्या माझ्या.

तानीबाई : ह्योबी बिघडलाय. तिन्ही बिघडल्यात. चला, दुसऱ्या दुकानात बघू.

देवाप्पा : तान्ये, आता पुरं झाली नाटकं! घरात माझ्यावर राग काढतीस ते काढ. चार लोकांत ह्या पोराच्या धंद्याला कशाला नावं ठेवतीस? आं? ऐकू येतंय का न्हाय, नीट सांग!

तानीबाई : आता कशाला चिडलासा?

देवाप्पा : सांग म्हणतो न्हवं! येतोय का आवाज?

तानीबाई : हां... हां. आता येतोय की. आता चांगला येतोय. ती बाई काय सांगती ते सगळं कळतंय. ह्योच घेऊया. चिडू नगा.

देवाप्पा : बघ! म्हटलं न्हवं, नाटकं हाईत. बांध रं भरमा ह्योच.

भरमा : काका.

देवाप्पा : काय?

भरमा : तुम्ही बारीक कर म्हणालासा तवाच मी आवाज सगळा बंद केलाय. ती बाई न्हुसतं तोंड हलवती.

देवाप्पा : काय बोलतोस!

भरमा : ही बघा आवाजाची पट्टी, शून्यावर हाय. थांबा, बोलू नगासा. मी त्यांच्या पाठीमागं जातो.

[भरमा खुर्चीमागे जाऊन उभा राहतो. तानीबाई मुक्या टीव्हीकडे बघून मान हलवत असते.]

भरमा : मावशी! ओ तानीमावशी! तुमची पिशवी खाली पडली!

देवाप्पा : पिशवीकडं बघितलंबी न्हाय.

भरमा : मावशी, समताआक्काचा फोन आलाय!

देवाप्पा : पोरीचं नाव घेतलं तरी वळली न्हाय.

भरमा : त्या रुसल्या न्हाईत, काका. त्यांना ऐकूच येत न्हाय. आमच्या आप्पांचं असंच झालतं. आवाज कानात जातोय, पर शब्द फुटत न्हाईत. समोरनं बोललं की ओठावरनं थोडं समजतंय. मघाशी माझं बोलणं कळलं ते तसंच.

देवाप्पा : मग माझं का कळत न्हाय? मी काय समोरनं बोलत न्हाय व्हय?

भरमा : बोलता का?

देवाप्पा : ...मी आपला चिलीम भरत, न्हायतर दाराकडं बघत... आणि ह्या मिश्या. वरीसभर रं, भरमा. वरीसभर मी तिला शिक्षा देत बसलोय, आणि तिला पत्ताच न्हाय. तान्ये! ए तान्ये! तुला ऐकू येत न्हाय?

तानीबाई : अवो, किती मोठ्यानं! येतंय की.

देवाप्पा : खोटं बोलू नगंस! टीव्ही बंद हाय तो! आवाज न्हाय त्याला!

तानीबाई : आवाज न्हाय हे मीच सांगत हुते की मघापास्नं. तुमी चिडलासा म्हणून येतोय म्हटलं.

देवाप्पा : कवापास्नं येत न्हाय?

तानीबाई : तसं... थोडं कमी झालंय. नीलमकडं मालिका कळायची थांबली. तिला सारखं आवाज वाढव म्हणायचं बरं दिसत न्हाय, म्हणून जायचं सोडलं.

देवाप्पा : मला का सांगितलं न्हाईस?

तानीबाई : तुमचं मला वेगळंच वाटलं. वाटलं, तुमीच तोंडातल्या तोंडात बोलाय लागलासा. पुढं तर बोलायचंच बंद केलासा. मनात म्हटलं, घर सोडायचं ठरवलंय, जिवाला लागलंय माणसाच्या. हातानं बांधलेलं हाय. कशाला टोकायचं? आपणबी गप बसावं.

देवाप्पा : घर सोडायचं? कुणी ठरवलं?

तानीबाई : तुमीच की! समता गेली त्या रातीला जेवताना म्हटलासा, जमवायचं हाय.

देवाप्पा : जमायचं न्हाय म्हटलं मी! जमायचं न्हाय!

तानीबाई : काय?

भरमा : मावशी, हिकडं बघा. काका म्हणतात, त्यांनी "जमायचं न्हाय" म्हटलं हुतं.

तानीबाई : न्हाय?

भरमा : न्हाय.

तानीबाई : मी तर वाकळा धुऊन, बांधून ठिवल्या. नगं असलेली भांडी भावजयीला दिऊन टाकली. रोज उंबऱ्यावर बसून बघतेय, आज सांगतील, उद्या सांगतील, चल म्हणून.

देवाप्पा : आणि मला वाटायचं, रागानं धुणं काढलंय हिनं. भांडी दिली तवा तर मी दोन दिस जेवलो न्हाय.

तानीबाई : मला वाटलं पोट बिघडलंय. ओव्याचं पाणी दिलं की तुमाला.

देवाप्पा : पिलो मी ते. कशाला दिलं म्हणून इचारलंबी न्हाय.

भरमा : काका, बेळगावात कानाचं चांगलं डॉक्टर हाईत. कानात घालायचं मशीन मिळतंय, आमचे आप्पा आता लांबनं हाक मारली तरी ओ देतात. टीव्ही मी बाजूला काढून ठेवतो, घाई न्हाय. आधी कान दाखवा.

तानीबाई : टीव्हीचं काय म्हणतोय ह्यो? परत ठेवतोय? ठेवू नगंस रं. चित्र चांगलं हाय.

भरमा : तुमचाच हाय मावशी. कुणाला देत न्हाय.

तानीबाई : मग अवो, तवा तुमी समताकडं जायचं न्हाय म्हटलासा. बरं. आणि आता?

भरमा : काका, मी जरा आत जाऊन येतो. तुम्ही बोला. मिशी थोडी वर सारा.

तानीबाई : गप का बसलासा? का बोललासा आणि मला कळलं न्हाय?

देवाप्पा : न्हाय, बोललो न्हाय अजून! थांब, खुर्ची वढतो! हां! आता दिसतंय माझं तोंड?

तानीबाई : दिसतंय की. दाढी वाढलीया.

देवाप्पा : ऐक! रविवारी बेळगावला जाऊया! कान दाखवूया तुझं! समताकडं उतरू!

तानीबाई : किती दिस?

देवाप्पा : डाक्टर सांगंल तेवढं!

तानीबाई : आणि त्याच्या म्होरं?

देवाप्पा : म्होरं... म्होरं तुला जवर ऱ्हावं वाटंल तवर ऱ्हाऊ! मी बघतो, जमतंय का ते!

तानीबाई : आणि घर?

देवाप्पा : भिंती पक्क्या हाईत! कुटं पळून जात न्हाईत! कळलं का मी काय म्हटलं ते? सांग बघू, काय म्हटलं?

तानीबाई : कळलं. एवढं वरडू नगा, घसा बसंल. हळू बोला. फकस्त हिकडं बघून बोला.