कुंडातून आधी कोण निघणार?

...आणि वर मलाच विचारतात, "तू आधी का नाही बोललीस?" आता काय सांगू तुम्हाला! घरून निघतानाच मला बजावलं होतं, तोंड उघडायचं नाही म्हणून!

तुम्हाला सांगते, शाळेत हजेरीला मी 'प्रेझेंट' म्हणते ना, तेसुद्धा बाईंना ऐकू जात नाही, इतकी मी गप्प, पण माझ्या बहिणीला, रोवेनाला, बघायला मागचे पाहुणे आले तेव्हा मी फक्त एवढंच विचारलं, "मम्मी, ही बिस्किटं आपण आधीच्या पाहुण्यांसाठी आणलेली ना?" ...ते स्थळ गेलं. म्हणून या वेळी पाचूबंदरच्या ग्लेनचं स्थळ आलं, आणि रोवेनाला तो आवडला, इतका आवडला की ती भांडी घासताना गायला लागली, तेव्हा मम्मीने मला दारातच धरलं. "नुसतं हसायचं. कळलं?" मी हसले. "असं नाही, जरा कमी!"

आता बघायचं म्हणजे चहा, केक आणि झालं, हो ना? पण नाही! ग्लेनच्या आईचे, तेरेसा आंटींचे, गुडघे दुखतात, मम्मी बोलून गेली की अकलोलीच्या गरम पाण्याने बरं वाटतं, आणि राखेच्या बुधवारच्या आत, म्हणजे उपवास सुरू व्हायच्या आधी, सगळे मिळून जाऊन येऊ असं ठरलंसुद्धा! निघताना मम्मीच्या हातात पाटल्या. एक ग्रॅमवाल्या! खऱ्या लॉकरमध्ये, कारण गर्दीत कोण काय ओढेल सांगता येत नाही. पण होणाऱ्या सोयऱ्यांसमोर रिकामे हात कसे न्यायचे?

ग्लेनने गाडी काढली. तुंगारेश्वरच्या डोंगराखाली सागाची पानं पापडासारखी पडलेली, आणि मध्येच एक कुसुंब, नवी पालवी इतकी लाल की झाडाने पेट घेतलाय असं वाटावं. ग्लेनने गाडी थांबवली, झाडाचा म्हणून फोटो काढला, आला त्यात रोवेनाच. किती छान चाललं होतं! तेवढ्यात तेरेसा आंटी गळ्यातली जाड चेन सारखी करत म्हणाल्या, "मला गरिबी चालते, रेजिना. पन दाखवायचं एक नि असायचं एक, असली मानसं नाय चालत." मम्मीचे हात पदराखाली गेले. "मलापण नाही चालत!"

आणि मला तर तोंड उघडायचं नव्हतं!

अकलोलीला उतरलो तर सडक्या अंड्यांचा वास. बायकांचं कुंड वेगळं, ग्लेन बाहेर पिशव्या सांभाळत बसला. एक म्हातारी पायऱ्या चढत बाहेर येत होती, तिच्या पायातली चांदीची जोडवी... कोळसा! मी बघतच राहिले. गंधक! आमच्या बाईंनी शिकवलंय, गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते, तांबं काळं पडतं, आणि एक ग्रॅमच्या खाली काय असतं हो? तांबंच की! मी म्हटलं, "मम्मी, पाट..." दंडाला असा चिमटा बसला की अजून निळं आहे.

उतरल्या दोघी. मी बघतेय. पाटल्या आधी तपकिरी झाल्या, मग जांभळट, मग... मम्मीने खाली पाहिलं आणि दोन्ही हात गपकन पाण्यात! रोवेनानेही पाहिलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं ना, म्हणजे बहिणीने बहिणीकडे असं कधीच पाहू नये. गाणं कुठल्या कुठे गेलं तिचं.

"चला आंटी, तुम्ही निघा आधी," मम्मी म्हणाली.

"नाय नाय, तू निघ. माझ्या गुडघ्यांना बरं वाटतंय." आणि आंटींनी गळ्याभोवती टॉवेल घट्ट गुंडाळला. "जरा थंडी वाजते."

आता तुम्हीच सांगा, कढत पाण्यात कुणाला थंडी वाजते का?

"तुम्ही मोठ्या. तुम्ही आधी."

"तू पाहुनचार करतेस, तू आधी."

दोघी उकडलेल्या कोळंबीसारख्या लाल! काठावरची बाई ओरडतेय, "ओ ताई, भोवळ येईल, निघा!" बाहेरून ग्लेन, "मम्मी, झालं का?" कुणी हलेना! रोवेनाच्या डोळ्यांत पाणी आलं, मला सगळं दिसतंय, आणि मला तर तोंड उघडायचं नव्हतं!

आणि तेरेसा आंटी डुलल्या. एकदम मागे! मम्मीने दोन्ही हात बाहेर काढून त्यांना धरलं, काळ्याकुट्ट पाटल्या सगळ्यांसमोर, आणि त्या धडपडीत आंटींचा टॉवेल सुटला. खाली चेन. तीपण काळी! गळ्याभोवती काजळाची रेघ ओढल्यासारखी!

आंटी पाटल्यांकडे बघतायत, मम्मी चेनकडे बघतेय, रोवेनाने डोळे मिटून क्रूसाची खूण केली.

"खऱ्या लॉकरला?" आंटींनी हळूच विचारलं.

"मग! तुमची?"

"माझीपन. एवढ्या गर्दीत खरं कोन घालतंय!"

आणि हसायला लागल्या दोघी, एकमेकींना धरून, पाणी उडवत! पायरीवर बसल्या बसल्या लग्नाचा महिनासुद्धा ठरवला. रोवेना रडत रडत हसतेय, आणि मी सुटले म्हणून श्वास सोडतेय, तोच दोघी वळल्या माझ्याकडे.

"तुला शाळेत शिकवतात ना हे सगळं? मग आधी का नाही बोललीस?" मम्मीने विचारलं.

"बोलत होते, पण तू चिमटा..."

"हिला समजत होतं? नि गप्प राहिली?" आंटींनी ओल्या हातांनी माझे गाल धरले. "केवढी समजूतदार पोर! रेजिना, लग्नात टोस्टचं भाषन हीच बोलंल. माईकवर. अख्ख्या हॉलसमोर."

मम्मी माझ्याकडे बघून हसली. जरा कमी नाही, पूर्ण हसली. आणि म्हणाली, "बोलेल की! तोंड उघडायला काय होतंय तिला?"