दुकानातला आवाज

हात थरथरायला लागला, म्हणून घरच्या कॉम्प्युटरवर बोलून लिहायची सोय करून घेतली. आता या वयात हेही शिका! सिन्नरच्या धाकट्या भावाला, रफिकला, पत्र लिहायचं होतं. दोन वर्षं अबोला. पण बोलताना आवाज इतका बारीक निघे, की पडदा कोराच.

बायको म्हणाली, "दुकानात बोलता तसं बोला की."

कापड दुकानाच्या गादीवर तीस वर्षं लावला, तोच आवाज लावला. आवाजामागोमाग तोंडी शब्दही दुकानातलेच आले. भराभर उमटलं: 'या ना शेठ, दुकान आपलंच आहे, नाराज करणार नाही.' पुसून पुन्हा बोलायचं त्राण नव्हतं. तसंच ईमेलने पाठवलं.

तासाभरात रफिकचा फोन. "भाईजान, गिऱ्हाइकाशी बोलता तेवढं गोड माझ्याशी बोलायला कॉम्प्युटर लागला होय? थांबा, येतो."