आफ्रिकेचा वळसा

लालबागला मसाला कुटायच्या रांगेत माझ्यापुढे सासू-सून उभ्या होत्या.

“माझ्या सम्यकचा फोन आला का गं?”

“नाही आई. भर समुद्रात रेंज नसते.”

“जहाज नेहमीच्या वाटेनं का नाही नेलं?”

“तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होतायत. म्हणून आफ्रिकेला वळसा घालून चाललेत.”

“ती वाट बरी आहे ना?”

“जुनी आहे, आई. पोर्तुगीज त्याच वाटेनं आपल्याकडे आले. ही मिरचीसुद्धा त्यांनीच आणली.”

“शिडाच्या जहाजांतून?”

“हो.”

“त्यांची सगळी जहाजं पोचली?”

“आई, आपला नंबर आला. पिशवी द्या.”

“दीपिका, मी काय विचारलं?”

“बरीचशी पोचली.”

“पिशवी राहू दे. आधी त्याला परत फोन लाव.”