सील बदलू नकोस

मुलुंडच्या गॅरेजात मीरा लुना दुरुस्त व्हायची वाट बघत बाकड्यावर बसली होती. जानेवारीतली बोचरी सकाळ. समोर एक फॉरेनची गाडी बॉनेट उघडून उभी, आणि त्या गाडीचा ड्रायव्हर सहदेव गॅरेजवाल्या दादू मेकॅनिकशी हुज्जत घालत होता.

"ऑटोमॅटिक गिअर ना? अख्ख्या मुलुंडात या दादूशिवाय कुणाला कळत नाही तो. आतलं रबरी सील कडक झालंय, थंडीत तेलाचा दाब धरत नाही. म्हणून सकाळी गाडी जागची हलत नाही. सील बदलतो, झकास पळेल."

"बदलू नकोस."

"येडा झालास काय? गिअरबॉक्सची वाट लागेल."

"थंडी जाऊ दे, मग बदल."

"अरे, पण का?"

"साहेबांनी बाईंसाठी घेतली होती ही. बाईंच्या डाव्या पायात जोर नव्हता, क्लच दाबता यायचा नाही, म्हणून ही बिनक्लचची. दिवाळीत बाई गेल्या. तेव्हापासून साहेब जिना उतरले नव्हते, यार."

"मग?"

"आता गाडी अडली की मी खालून हाक मारतो, हिची नस त्यांनाच ठाऊक ना. मफलर गुंडाळून येतात, शेजारी बसतात. इंजिन तापेपर्यंत बाईंच्या गोष्टी सांगतात. काल तर हसले रे. गाडी नीट झाली तर कशाला उतरतील?"

दादू फडक्याला हात पुसतच राहिला. मीराची लुना केव्हाच तयार होऊन दारात लागली होती, पण तिला उठवेना.

"सील मी आजच बदलणार."

"दादू..."

"ऐक ना. साहेबांना सांग, त्या दादूला ऑटोमॅटिकमधलं काही म्हणजे काही कळत नाही. तुम्हीच येऊन शिकवा त्याला. रोज आले तरी चालेल. चहा माझा."